चतुर: चार पंखांचा की चपळ?

भाऊ, चतुर या किड्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं, की ‘चतुर्’ म्हणजे चार, चतुराला पंख चार, म्हणून नाव चतुर. ‘हुशार’ हा अर्थ मी उगाच चिकटवला. वर शेतावर उडणाऱ्या किड्याला पाण्यातला का म्हणता, हाही सवाल.

पंख चारच, वाद नाही. पण मग टाचणी या चतुरासारख्याच किड्याचं काय? बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठी गवताच्या पात्यावर पंख पाठीवर मिटून बसते ती. तिलाही चारच. फुलपाखराला चार, मधमाशीला चार. टाचणीचं नाव ठेवणाऱ्यानं तिचं बारीक अंग पाहिलं, पंख मोजत बसला नाही.

शिवाय चार या अर्थाचा सुटा ‘चतुर’ मराठीत कुठे सापडतो, सांगा. चतुर्थी, चतुर्भुज, चतुष्पाद, सगळीकडे त्याच्यामागे काहीतरी जोडलेलंच. घरच्या शब्दांत तर त्याचा ‘चौ’ झाला: चौकट, चौरंग, चौरस. पंख मोजून गावानं नाव ठेवलं असतं, तर ‘चौपंखी’सारखं काहीतरी झालं असतं. संस्कृतात ‘चतुर’ला हुशारच्या जोडीला ‘चपळ’ असाही अर्थ आहे, आणि मला इथे तोच जास्त पटतो. पोरं मागून दबकत जातात, बोटं शेपटीला टेकणार तेवढ्यात तो गायब. “सुटला ना बे!” डोकं म्हणजे जवळजवळ सगळे डोळेच, मागून येणाराही दिसतो. चारही पंख वेगवेगळे हलवता येतात, म्हणून हवेत जागीच थांबणं, मागे उडणं जमतं. म्हणजे तुमचे चार पंख कामाचे आहेतच. नावात आला तो त्यांचा गुण, आकडा नाही. (फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञानंही १७९३ साली चतुर-टाचणीच्या गटाला ओडोनाटा म्हटलं ते ग्रीकमधल्या दातावरून. त्याची नजर जबड्यावर गेली.)

आता पाण्याचं. चतुराचं सारं बालपण पाण्यात जातं. धानाची रोवणी झालेल्या बांधीत (बांध घातलेल्या शेतात) बघा: मातकट, सहा पायांचं पिल्लू गाळात दबा धरून असतं. त्याचे कल्ले असतात ढुंगणाच्या आत, आणि तिथलंच पाणी जोरात मागे फेकून ते पुढे झेपावतं. खालचा ओठ घडी करून ठेवलेला. डासाची अळी टप्प्यात आली की तो झटकन पुढे येतो आणि अळी तोंडात. वाढ पुरी झाली की धानाच्या ताटावर चढून कात टाकतं. पाठीवर चीर गेलेली ती रिकामी कात ताटाला चिकटून राहते. निंदणाला बांधीत उतराल तेव्हा पाण्याच्या जरा वर शोधा.