उपग्रहाला सीमा दिसत नाही

‘नकाशा म्हणजे निव्वळ मोजमाप, त्यात राजकारण शोधणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग’ असा लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. भूगोल घेऊन बीए करणाऱ्या माझ्या भाच्यानेच तो मला पाठवला. खाली लिहिलंय, ‘मामा, पटलं ना?’ नाही पटलं.

म्हणे आता उपग्रह फोटो काढतो, माणसाचा संबंधच उरला नाही. अरे, उपग्रहाला छप्पर दिसतं. वस्तीचं नाव दिसत नाही, सीमा तर नाहीच नाही. गूगल मॅप्सवर काश्मीरची सीमा भारतातून पाहिली तर सलग, बाहेरून पाहिली तर तुटक. उपग्रह तोच.

उत्तर वर, हा निसर्गनियम? अरब भूगोलकार अल-इद्रिसीच्या ११५४ च्या नकाशात दक्षिण वर आहे. पुढे.

नकाशाकार मर्केटरबद्दल मात्र अर्धं बरोबर लिहिलंय, नाइलाजाने मान्य. १५६९ चा तो नकाशा आफ्रिकेला खुजं ठरवायला काढला नव्हता. एकच दिशा धरून चाललेल्या जहाजाचा मार्ग त्यावर सरळ रेघेत यावा म्हणून होता. पण खलाशांचं हत्यार वर्गाच्या भिंतीवर कुणी टांगलं? त्यात ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका १४ पट मोठी.

डोकं फिरलं ते पुढच्या वाक्याने: ‘सीमा आधीपासून असतात, नकाशा त्या फक्त दाखवतो.’ फाळणीची सीमा आखायला नेमलेले ब्रिटिश वकील रॅडक्लिफसाहेब जुलै १९४७ मध्ये भारतात पहिल्यांदा आले आणि जेमतेम पाच आठवड्यांत जुने नकाशे नि १९४१ ची जनगणना समोर ठेवून त्यांनी पंजाब आणि बंगाल चिरले. निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर. तोवर बंगालातल्या मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा फडकत होता, खुलन्यात भारताचा. निवाडा आला आणि दोन्हीकडचे झेंडे बदलले. सांगा, यातली कुठली सीमा ‘आधीपासून’ होती?

आणि ‘नकाशात नाही म्हणजे तिथे काही नव्हतंच’ हे तर घातकच. नकाशातलं मौनही सत्तेचंच असतं, हे नकाशांचे अभ्यासक ब्रायन हार्ली यांनी १९८८ मध्येच मांडलं होतं. नैरोबीतल्या किबेरा वस्तीत लाखाहून जास्त माणसं राहत होती, तरी २००९ पर्यंत नकाशात ती जागा कोरी. शेवटी तिथल्याच पोरापोरींनी हातात जीपीएस घेऊन गल्ल्या तुडवल्या आणि एकेक नळ, शौचालय, दवाखाना नोंदवला. नळ आधीही होतेच की, बाळा.