भाचीचं मत आणि मामाचा उपदेश

मेलबर्नमधले आमचे काही मराठी मित्र निवडणूक आली की भारतातल्या तरुणांना मतदानाचं महत्त्व समजावू लागतात. २०२४च्या लोकसभेसाठी परदेशस्थ मतदार म्हणून जवळपास १ लाख २० हजार भारतीयांनी नावं नोंदवली होती. प्रत्यक्ष मत दिलं ते तीन हजारांहूनही कमी जणांनी. पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर जावं लागतं, विमानाचं भाडं परवडत नाही, सगळं मान्य. इथलं नागरिकत्व घेतलेल्यांना तर तिथं मतच नाही. पण मग निदान उपदेश तरी बेताने करावा.

पुण्यातली माझी भाची ऑक्टोबर २०१९ला पहिल्यांदा मतदानाला गेली. त्या एका विधानसभेच्या मुदतीत तिने काय पाहिलं? भाजप-शिवसेना युतीला बहुमत, आणि युतीच मोडली. नोव्हेंबरातला भल्या पहाटेचा शपथविधी, आणि ते सरकार काही दिवसांत आटोपलं. मग महाविकास आघाडी. जून २०२२मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३मध्ये राष्ट्रवादी. पुढे धनुष्यबाण आणि घड्याळ ही दोन्ही चिन्हं निवडणूक आयोगाने फुटून निघालेल्या गटांना दिली. "मामा, मी ज्या चिन्हासमोरचं बटण दाबलं, ते चिन्हच आता दुसऱ्याचं आहे. मग माझं मत कुणाकडे आहे?" असं ती विचारते. एकट्यादुकट्याने पक्ष सोडला तर आमदारकी घालवणारा पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "हो ना, म्हणूनच सगळे एकदम जातात."

यावर ऑस्ट्रेलियाचा दाखला द्यायचा मोह इथल्या लोकांना होतो. इथे १९२४ पासून मतदान सक्तीचं आहे, न केल्यास २० डॉलर दंड, आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक मत देतात. पण टक्का म्हणजे विश्वास नव्हे. २०१० ते २०१८ या काळात इथल्या चार पंतप्रधानांना त्यांच्याच पक्षाने खाली खेचलं. लोक चिडलेच. फरक एवढाच, की माणूस बदलला तरी ज्या पक्षाला निवडलं तोच सत्तेत राहिला.

मला हेवा वाटतो तो दंडाचा नाही, मतपत्रिकेचा. इथे उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा असतो. पहिली पसंती एखाद्या अपक्षाला दिली आणि तो मागे पडला, तर मत दुसऱ्या पसंतीकडे सरकतं. "मत वाया घालवू नकोस" हे आपल्याकडचं घरोघरचं वाक्य इथे बिनकामाचं ठरतं. २०२२मध्ये मेलबर्नच्या कूयाँग मतदारसंघात डॉ. मोनिक रायन या अपक्ष उमेदवाराने चक्क अर्थमंत्र्यांना हरवलं. पहिल्यांदाच मत देणाऱ्याला आवडीच्या उमेदवाराला मत द्यायची भीती वाटत नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

तरी भाचीच्या निराशेचं खरं मूळ मला विधानसभेत दिसत नाही. ते महापालिकेत आहे. मुंबईत सरकार कुणाचंही असो, तिच्या रोजच्या आयुष्यातला खड्डा, कचरा आणि पाण्याची वेळ नगरसेवकाकडे. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा, असं करत मतदान झालं १५ जानेवारी २०२६ला. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. इथे व्हिक्टोरियात नगरपरिषदेची निवडणूक दर चार वर्षांनी ऑक्टोबरात, ठरल्या तारखेला होते. त्या निवडणुकीचं कुणाला फारसं कौतुकही नसतं. आपल्या तरुणांना उदासीन म्हणणाऱ्यांनी हे आधी सांगावं, की ज्या मताचा परिणाम त्यांना चालत जाऊन पाहता आला असता, तेच मत चार वर्षं त्यांच्याकडून का मागितलं गेलं नाही?

आणि अखेर मागितलं, तेव्हा विधानसभेला एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन्ही राष्ट्रवादी पुण्यात एकत्र उभ्या होत्या.

भाची मतदानाला गेली. चार नगरसेवक निवडायच्या प्रभागात तिने दोन मतं उमेदवारांना दिली, दोन 'नोटा'ला, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही'ला. नोटाला सर्वाधिक मतं मिळाली तर फेरनिवडणूक, असा आदेश राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांसाठी २०१८मध्येच काढला होता, हे तिला पाठ होतं. कल्याण-डोंबिवलीतल्या तिच्या मैत्रिणींपुढे ती सोयही सगळीकडे नव्हती. तिथे बऱ्याच जागा बिनविरोध गेल्या. उमेदवार एकच असेल तर मतदान होत नाही, म्हणजे नोटाचं बटणही नाही. त्या मैत्रिणींना "मतदान करा" असं मेलबर्नहून कुणी कळवलं असेल, तर त्यांनी काय उत्तर दिलं हे वाचायला मला आवडेल.