साखर बंद, गोळ्या बंद?

सातवीच्या पालकांच्या ग्रुपवर या महिन्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज आला. 'एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) हा आजारच नाही. साखर आणि पाकिटातल्या रंगांमुळे मुलं चंचल होतात. 21 दिवस साखर बंद करा, पोषणाचं महत्त्व शिकवा, गोळ्या फेकून द्या.' खाली हात जोडलेल्यांची रांग. माझ्या मुलाचं निदान चौथीत झालं, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी साखर. 1994 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. 'गोड खाल्लं की आमचा मुलगा अंगात आल्यासारखं करतो' म्हणणाऱ्या आया आणि त्यांची 5 ते 7 वर्षांची मुलं बोलावली. निम्म्या आयांना सांगितलं, मुलाला भरपूर साखर दिलीय. प्रत्यक्षात साखर एकालाही दिली नव्हती. तरी त्या आयांना आपलं पोरगं जास्त उधळलेलं दिसलं, आणि त्यांनी त्याला टोकलंही जास्त! पुढच्याच वर्षी साखरेवरच्या डबल ब्लाइंड चाचण्या, म्हणजे कुणाला खरी साखर मिळाली हे मुलांना, आईवडिलांना आणि तपासणाऱ्यांनाही माहीत नसतं अशा चाचण्या, एकत्र तपासल्या गेल्या. मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. वाढदिवसाला मुलं धिंगाणा घालतात, कारण वीस जणांना आपण एका खोलीत कोंबलेलं असतं. साखर कमी करायची तर दातांसाठी जरूर करा.

रंगांच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. 2007 च्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट (पदार्थ टिकवायला घालतात ते) यांच्या मिश्रणाने मुलांचा चंचलपणा किंचित वाढलेला दिसला. 2010 पासून युरोपात अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. त्यातले टार्ट्राझीन आणि सनसेट यलो आपल्याकडेही चालतात. पाकिटावर 102 आणि 110 हे आकडे शोधा. मी स्वतः ती पाकिटं टाळते. पण चंचलपणा किंचित वाढणं वेगळं आणि एडीएचडी असणं वेगळं. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा 70 टक्क्यांच्या पुढे निघतो. आमच्याकडे तर निदानाच्या दिवशी मुलाचे बाबा गाडीची किल्ली दवाखान्यातच विसरले होते.

आता 'पोषणाचं महत्त्व शिकवा'. अहो, माझ्या मुलाला ते पाठ आहे. क जीवनसत्त्व कशात, लोह कशात, झोपेतून उठवून विचारा. पण सकाळी मोजा शोधण्यात दहा मिनिटं जातात आणि दूध ओट्यावर साय धरून बसतं. मधल्या सुट्टीत डबा उघडायचं राहतं. पाचला घरी आल्यावर हाताला पहिलं लागतं ते फरसाण. माहिती असूनही ती वेळेवर वापरता न येणं, हीच तर या मुलांची मूळ अडचण. म्हणजे खाण्याने आजार होण्यापेक्षा आजाराने खाणं बिघडतं, हे जास्त पटण्यासारखं आहे. बार्सिलोनात 120 मुलामुलींची पाहणी झाली होती. त्यात एडीएचडी असलेल्यांचा आहार जास्त बिघडलेला आढळला, पण यातलं आधी काय आणि नंतर काय, हे त्यातून ठरत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने मात्र ठरवून टाकलं.

शिवाय एडीएचडीच्या गोळीने, म्हणजे मिथाइलफेनिडेटने, भूक मरते, हे आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं. म्हणून गोळीआधी पोटभर पोहे आणि अंडं, आणि रात्री भूक परतली की नीट जेवण. गोळी बदलायची की थांबवायची, ते डॉक्टर बघतील.

एक गोष्ट मात्र तपासाच, विशेषतः मुलींची. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयाच्या सुमारे 40 टक्के मुली रक्तक्षयी निघाल्या. लोह कमी असलं की वर्गात लक्ष लागत नाही, आणि दंगा न करता गप्प बसणाऱ्या मुलीला सगळे 'आळशी' म्हणून मोकळे होतात. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी तपासणी) करून घ्या.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मेसेज पाठवणाऱ्या ताईंनी विचारलं, "मग तुम्ही डब्यात देता तरी काय?"

आज मेथीचे पराठे दिले होते, तीन. अडीच परत आले.