टेलला पाणी पोहोचत नाही

राग अजून गेलेला नाही. सर्व्हिस सेंटरमधल्या त्या टायवाल्या मुलाने गाडीला स्कॅनर जोडला, पडद्यावरचं वाचलं, आणि माझ्याकडे अशा चेहऱ्याने पाहिलं की आता हा जवळच्या नातेवाइकांना बोलावून घ्यायला सांगणार. “अंकल, पी ०४०१ आलाय. ईजीआर इनसफिशियंट फ्लो. वॉल्व्ह बदलून बघू. नाही फरक पडला तर कूलर बदलून बघू. मग सेन्सर.” हे सगळं बघणं माझ्या पैशाने होतं. पडदा वाचून दाखवल्याचे पैसे त्याने वेगळे लावलेच, वर म्हणाला, “खरं सांगू का अंकल, आपल्याकडे एक्स्चेंज ऑफर चालू आहे.” माझी की गाडीची, हे विचारायचं राहून गेलं.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा तसाच घेऊन मी सिंहगड रोडला, कालव्याच्या कडेच्या एका गॅरेजवर गेलो. मेकॅनिक एका गाडीखाली होता. बाहेर फक्त पाय दिसत होते. पायांशीच बोललो. “ठेवा साहेब, बघतो,” पाय म्हणाले.

शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत एक काका पेपर वाचत बसले होते. सफारी सूट, खिशाला दोन पेनं, शेजारी त्यांची स्कूटर.

“काय तक्रार?”

“ईजीआरचा फ्लो कमी आहे म्हणतात.”

काकांनी पेपरची घडी केली. अगदी सावकाश, कडा जुळवून. नंतर कळलं की हे गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत आणि ‘फ्लो’ हा शब्द त्यांच्यासमोर कोणी बरेच दिवसांत उच्चारला नव्हता.

“किती कमी?”

“ते सांगितलं नाही.”

“मोजला कुठे? हेडला की टेलला? म्हणजे सुरुवातीला की शेवटाला?”

“काका, धूर आहे तो.”

“धूर असो, पाणी असो. वाहतं ना?”

वाहतं खरं. ईजीआर म्हणजे इंजिनातून निघालेल्या धुराचा काही भाग नळीने वळवून पुन्हा इंजिनालाच प्यायला द्यायचा. एकदा जळलेल्या वायूत प्राणवायू कमी, त्यामुळे सिलिंडरमधली आग फार भडकत नाही, आणि फार भडकली नाही की नायट्रोजनची ऑक्साइडं कमी होतात. मी हे काकांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी मला वीस वाक्यांत परत सांगितलं, आणि त्यात खडकवासला होतं.

“हे बघा. कालव्याच्या शेवटाला असलेले इंदापूरवाले कायम ओरडणार, आमच्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. आता याची कारणं किती? एक, गेटच उघडत नाही. दोन, गेट उघडलंय पण पुढे कालव्यात गाळ. तीन, गळती. चार, पाणीचोरी. आणि पाच, जे लोकांना सुचत नाही, पाणी व्यवस्थित जातंय पण मोजणाऱ्याची पट्टीच चुकीची लावलीय. तुमच्या त्या मुलाने यातलं काय काय तपासलं?”

“काहीच नाही. गेट बदलू म्हणाला.”

“शाब्बास! आमच्याकडे असता तर बढती मिळाली असती.”

पाय गाडीखालून बाहेर आले आणि त्यांना डोकं होतं. मेकॅनिक म्हणाला, “काका बरोबर बोलतायत. चोरी सोडून.” मला हे अजिबात आवडलं नाही. मोटारीबद्दल शून्य माहिती असलेला माणूस बसल्या जागी बरोबर, आणि टाय लावून, संगणक घेऊन बसलेला मुलगा थेट बिलावर! बरं, त्या मुलाला तरी काय बोलणार? कोड वाचायचा, पार्ट लिहायचा, महिन्याचं टार्गेट गाठायचं. निदान करायला वेळ लागतो आणि वेळाचा पार्ट नंबर नसतो.

मेकॅनिकने मोबाइलवर आकडे उघडले. गंमत अशी की गाडीचा संगणक धूर मोजतच नाही, तो ताजी हवा मोजतो. ईजीआर उघडला की सिलिंडरमधली जागा धूर अडवतो, ताज्या हवेला कमी जागा उरते. तो आकडा पडला तर धूर पोहोचला. माझं इंजिन १.३ लिटरचं. ईजीआर बंद असताना दर फेरीला प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण ३४० मिलिग्रॅम हवा, आणि उघडल्यावर सव्वादोनशेच्या आसपास यायला हवी.

“म्हणजे वरच्या शेतकऱ्याचं किती घटलं त्यावरून खालच्याला किती मिळालं ते काढायचं!” काका खुर्चीवरून उठलेच. “सोडा पाण्याचं आवर्तन!”

मेकॅनिकने मोबाइलवरून वॉल्व्ह उघडायचा हुकूम दिला. ३४०. ३३५. ३३०. तिथेच अडकला. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“वायरी बघा आधी. उंदीर.”

हे उंदीर कुठून आले? तर २०१८च्या सप्टेंबरात दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली होती, भर सकाळी वस्तीत पाणी शिरलं, लोकांचे संसार वाहून गेले. तेव्हा खापर फुटलं ते उंदीर-घुशींवर. काका निवृत्त होते, तरी तो विषय त्यांनी मनाला लावून घेतलाय. “कालवा आम्ही बांधायचा, आम्हीच दुरुस्त करायचा नाही, आणि नाव उंदरांचं!” असं म्हणत ते माझ्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरले. वायरी शाबूत होत्या. एकही दात लागलेला नव्हता. काकांचा चेहरा पडला. उंदीर निर्दोष सुटल्याचा आनंद की पुरावा न मिळाल्याचं दुःख, मला ठरवता आलं नाही.

मग पट्टीची तपासणी. हवा मोजणारा सेन्सर काढला, स्प्रे मारून परत बसवला. आकडा तोच. नळ्या तपासल्या, चीर नाही. वॉल्व्हला हुकूम दिल्यावर टक् असा आवाज येत होता, म्हणजे गेट हलत होतं. “गाळ!” काका म्हणाले. मी आणि मेकॅनिक दोघेही गप्प बसलो, कारण आता दुसरं काही उरलंच नव्हतं.

वॉल्व्ह खोलला. आत जळक्या गुळासारखा काळाभोर, चिकट थर. डिझेलची काजळी आणि इंजिनातून वर येणारी तेलाची वाफ एकत्र आली की हे तयार होतं. वाट बोटभर उरलेली.

“साहेब, गाडी थोडी पळवत जा ना. हायवेला काढा. शहरात रांगत चाललं की साचतं.”

कुठे पळवू? माझा हायवे म्हणजे नवले पुलाचा उतार, तिथे गाडी थांबली तरी पुरे असं वाटतं. आणि रांगायला मला हौस आहे का? डिझेल घ्या, डिझेल स्वस्त, असं सगळा देश सांगत होता तेव्हा घेतली. २०१४ला डिझेलचे भाव मोकळे झाले, स्वस्ताई गेली आणि काजळी राहिली. आता राजाराम पुलापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जायचं आणि वर ऐकून घ्यायचं की तुम्ही हळू चालवता.

एवढ्यात गॅरेजमधला पोरगा म्हणाला, “पत्रा मारून बंदच करून टाकू का? सगळे करतात. पिकअपपण वाढतो.”

काका त्याच्याकडे वळले. “गेट बुजवतोस? मग धरण कशाला बांधलं रे?”

“पीयूसीला काही प्रॉब्लेम नाही येत काका.”

पोरगा खरं बोलत होता, आणि माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती इथे. पिवळा दिवा ढळढळीत पेटलेला असताना, मागच्याच महिन्यात माझी गाडी पीयूसी पास झालीय. डिझेलच्या गाडीचा तिथे धुराचा काळेपणा बघतात. नायट्रोजन ऑक्साइड कोणी मोजतच नाही. उलट ईजीआर बंद पडला की काजळी कमीच होते, म्हणजे बिघडलेली गाडी त्या नळकांड्यासमोर जास्त सोज्ज्वळ ठरायची! ज्या वायूसाठी हा वॉल्व्ह, हा कूलर, हा दिवा आणि हा खर्च, त्याची चौकशी करणारा रस्त्यावर एक माणूस नाही. पत्रा मारणाऱ्याला प्रमाणपत्र, आणि गाळ काढणाऱ्याला बिल.

पत्रा मारला नाही. काका बघत होते.

वॉल्व्ह धुऊन बसवला. हुकूम गेला. ३४०, ३००, २७०. “टेलला पोहोचलं!” काकांनी टाळी वाजवली. मग आकडा २७०वर थांबला, आणि काकांची टाळीही.

“चारी बघितली का?”

“काका, जाऊ द्या ना,” मी म्हणालो.

“मुख्य कालवा साफ आणि चारी तुंबलेली, तर उपयोग काय?”

मेकॅनिकच्या डोळ्यांत चमक आली. चारी म्हणजे इथे इनटेक मॅनिफोल्ड, सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्या. तो खोलायचा तर अर्धा दिवस, गॅस्केट वेगळी, मजुरी दुप्पट. काका माझ्या वतीने “काढा, काढा” म्हणाले. वर माझ्या वतीने घासाघीसही केली, ज्यात मेकॅनिक दुखावला आणि त्याने मघाशी फुकट केलेली सेन्सरची सफाईसुद्धा बिलात घातली.

काका चहा सांगायला गेले तेव्हा मी मेकॅनिकला हळूच म्हणालो, “माझं राहू दे, आधी त्यांची स्कूटर उरकून दे. निदान घरी तरी जातील.”

“त्यांची कालच झालीय,” तो म्हणाला. “दीडशे रुपयांवरून बसलेत.”