मांजराला पाव गोळी, कुत्र्याला मीठपाणी : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

पुण्यातील सोसायट्यांच्या आणि प्राणिप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘मुक्या लेकरांसाठी आजीबाईंचा बटवा’ अशा धर्तीचा एक संदेश वरचेवर फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : विषारी काय ते कुत्र्या-मांजरांना उपजतच कळते, म्हणून घरातील झाडे-फुले आणि पूजेचे साहित्य यांची चिंता करू नये, ताप आल्यास माणसाच्या पॅरासिटामॉलची पाव गोळी द्यावी, गोचिडांवर रोज लसणाची पाकळी चारावी, मांजर कितव्याही मजल्यावरून पडले तरी चार पायांवर उतरते, तेव्हा गॅलरीला जाळी लावण्याचा खर्च करू नये, आणि एवढे करूनही काही विषारी पोटात गेलेच, तर मीठपाणी पाजून ओकारी काढावी व वर दूध-तूप द्यावे. लिहिणाऱ्याच्या मायेविषयी मला शंका नाही. परंतु यांतील एकही सल्ला निर्धोक नाही आणि काही तर थेट जीवघेणे आहेत.

उपजत ज्ञानाचा मुद्दा आधी घेऊ. ज्या कुत्र्याला चॉकलेटचा पुडा आणि मनुकांची वाटी यांपैकी कशालाच नाही म्हणता येत नाही, त्याच्या उपजत ज्ञानावर विसंबणे धाडसाचेच म्हणावे लागेल. चॉकलेटातील थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते आणि हृदयाचे ठोके बिघडवते. द्राक्षे आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. द्राक्षांतील टार्टारिक आम्लावर अलीकडे मुख्य संशय आहे आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असल्यामुळे चिंच-गुळाची आमटी कुत्र्याच्या भातावर घालण्याची सवयही सोडलेली बरी. कुत्री गवत खाऊन स्वतःचे पोट साफ करतात, हा संदेशातील पुरावाही टिकत नाही, कारण गवत खाणारी बहुतेक कुत्री आधी आजारी नसतात आणि खाल्ल्यावर त्यांतील थोड्यांनाच उलटी होते.

पूजेचे ते निरुपद्रवी, ही समजूत मला अधिक चिंतेची वाटते. गणपतीच्या दिवसांत मंडईच्या आसपास पत्रीची जी जुडी विकत मिळते, तिच्यातील २१ पत्रींमध्ये परंपरेने कण्हेर, धोत्रा आणि रुई या तिन्हींची पाने येतात आणि ही तिन्ही झाडे विषारी आहेत. कण्हेरीचे विष थेट हृदयावर काम करते. तिचे ओले पान इतके कडू असते की शहाणे कुत्रे ते तोंडात धरून टाकून देईलही, परंतु पान वाळले की कडवटपणा कमी होतो आणि विष तसेच राहते. आता निर्माल्याची पिशवी विसर्जनाला नेईपर्यंत दाराआड जमिनीवरच पडलेली असते, आत सुकलेली पाने आणि त्यांना चिकटलेले पंचामृताचे थेंब, म्हणजे दात शिवशिवणाऱ्या पिल्लाला आणखी काय हवे? ती पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवावी, इतकीच ही गोष्ट आहे. सोसायटीच्या फाटकाशी शोभेला लावलेल्या सायकसच्या बियाही अशाच, यकृत निकामी करणाऱ्या.

फुलांपैकी एकच सांगतो. पुष्पगुच्छात येणारी मोठ्या पाकळ्यांची एशियाटिक किंवा ओरिएंटल लिली मांजरासाठी घातक आहे; अंगावर सांडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतील पाणी प्यायले तरी एक ते तीन दिवसांत तिची मूत्रपिंडे बंद पडू शकतात. कुत्र्याने तीच लिली खाल्ली, तर बहुधा पोट बिघडण्यावर भागते. वस्तू नैसर्गिक आहे की कारखान्यातली, यावर धोका ठरत नाही. त्या जातीच्या प्राण्याचे शरीर तिचे काय करते, यावर ठरतो.

पाव गोळीचे गणितही इथेच चुकते. माणसाचे यकृत पॅरासिटामॉलला ज्या मुख्य मार्गाने निष्प्रभ करते, त्या मार्गाला लागणारे विकर मांजरात नसल्यासारखेच असते. मांजरांमध्ये वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या मात्रेनेही विषबाधा झाल्याची नोंद आहे. घरोघरी सापडणाऱ्या ६५० मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर तुकडा चार किलोच्या मांजराला दिला, तर किलोमागे मात्रा ४० मिलिग्रॅमवर जाते. मग रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता ढासळते. ओठ वर करून पाहिल्यास एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या करड्या-तपकिरी दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास भराभर चालतो. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच खरा उपयोगी पडतो, आणि ‘गोळी लागू पडेल’ म्हणून वाट पाहण्यात नेमके तेच तास जातात. कुत्र्याला आपल्या मनाने आयब्युप्रोफेन देणेही असेच अंगलट येते. त्याने जठरात व्रण पडतात.

लसणाचा निकाल चटकन लावता येतो. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की फोडणीतले, दोन्ही प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, मांजराच्या अधिक. परिणाम काही दिवसांनी दिसतो, म्हणून कोणी लसणाला दोष देत नाही. गोचिडांसाठी पशुवैद्यांकडे औषधे आहेत. मात्र कुत्र्याचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावू नये, तिला त्याने झटके येतात.

पडणाऱ्या मांजराच्या दाव्यामागे एक खरा अभ्यास आहे. उंचावरून पडून न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात आलेल्या १३२ मांजरांची पाहणी १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के मांजरे वाचली. मात्र ज्या मांजरांचा जमिनीवरच जीव गेला, त्यांना कोण रुग्णालयात नेणार? शिवाय वाचलेल्यांपैकी अनेकांच्या छातीला मार होता, जबडे आणि पाय मोडले होते. बाणेर-खराडीकडच्या उंच इमारतींत कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी असते, तिचे कोपऱ्यातील हूक उन्हापावसाने सैल होतात आणि मांजर नेमके तिथेच अंग घालते; ते वर्षातून एकदा हाताने ओढून पाहावेत.

राहिला मीठपाण्याचा उतारा. पुरेसे मीठ पोटात गेल्यावर उलटी झाली नाही, तर रक्तातील सोडियम वाढून मेंदूवर परिणाम होतो, म्हणजे एका विषावर दुसरे. संडास साफ करण्याचे आम्ल पोटात गेले असताना ओकारी काढली, तर अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. रॉकेल असेल तर ते फुप्फुसात उतरते. डांबरगोळीवर दूध-तूप पाजणे तर उलटेच आहे, कारण स्निग्ध पदार्थांमुळे ती अधिक शोषली जाते. उंदराच्या विषाच्या बाबतीत वेष्टन सोबत नेणे सर्वांत महत्त्वाचे, कारण ब्रोमॅडिओलोन असलेल्या वडीने रक्त गोठणे थांबते, प्राणी तीन-चार दिवस ठणठणीत दिसतो आणि जीवनसत्त्व के-१ वेळेत सुरू केल्यास बहुधा वाचतो. झिंक फॉस्फाइडच्या काळ्या पुडीने मात्र पोटात विषारी वायू तयार होतो, काही तासांतच प्रकृती ढासळू शकते आणि तिथे के-१ चा काही उपयोग नसतो.