‘गुरू एक, मैदान एक’ या फॉरवर्डला स्कोअरकार्डचं उत्तर

३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कात क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. त्या कार्यक्रमातली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची भेट अख्ख्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिली. कांबळीची तब्येत बघून लोक हळहळले, आणि ती हळहळ ओसरायच्या आत एक जुना मजकूर नवा फोटो चिकटवून पुन्हा फिरायला लागला. अजूनही फिरतोय. क्लासवाले फिरवतात, शाळेच्या पालक-ग्रुपवर येतो, परीक्षांच्या मोसमात तर हमखास.

मजकुराचा सारांश असा: दोघांचे गुरू एक, शाळा एक, मैदान एक. १९८८ साली दोघांनी मिळून ६६४ धावांची भागीदारी केली, त्यात कांबळीच्या धावा जास्त. म्हणजे गुणवत्ता सारखी, किंबहुना कांबळीची काकणभर सरसच. एकाने शिस्त पाळली, घाम गाळला, तो देव झाला. दुसऱ्याने नाही पाळली, तो संपला. तेव्हा मर्यादा गुणवत्तेला नसते, ती आपल्या मनात असते; घाम गाळेल तो पोचेल आणि थांबेल तो हरेल.

वाचायला छान आहे. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य स्कोअरकार्डापुढे टिकत नाही.

म्हणे, दोघांची गुणवत्ता सारखीच होती

फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्ड या आंतरशालेय स्पर्धेची उपांत्य फेरी, सचिन-कांबळीची शाळा शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. आता वयं बघा. कांबळीचा जन्म जानेवारी १९७२चा, सचिनचा एप्रिल १९७३चा. म्हणजे कांबळीला सोळा पूर्ण झाली होती आणि सचिन अजून पंधराचाही नव्हता. शाळकरी वयात सव्वा वर्षाचा फरक म्हणजे खांदे वेगळे, मनगटं वेगळी. फॉरवर्डमध्ये जी बरोबरी दाखवली जाते, ती मुळात बरोबरी नव्हती.

पुढच्या दहा महिन्यांत सचिनने रणजी पदार्पणात गुजरातविरुद्ध नाबाद शतक ठोकलं, पंधराव्या वर्षी. १९८९च्या नोव्हेंबरात तो कराचीत इम्रान, अक्रम, वकार यांच्यासमोर उभा होता. १९९०मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला नाबाद ११९, १९९२च्या सुरुवातीला सिडनीत नाबाद १४८ आणि पर्थच्या उसळत्या खेळपट्टीवर ११४. हे सगळं एकोणीस पूर्ण व्हायच्या आत. कांबळीची पहिली कसोटी जानेवारी १९९३ची, ईडन गार्डन्सवर. तोवर सचिन परदेशात सहा देशांत कसोटी खेळून आलेला होता. मेहनतीपुढे गुणवत्तेचं काही चालत नाही, हे सांगायला सचिनचं उदाहरण घेणारा माणूस धन्य म्हणायचा. असा मुलगा शंभर वर्षांत एखादा निपजतो.

शिवाय शाळेतल्या धावा हे मोजमाप कशाचं? १८९९मध्ये इंग्लंडातल्या क्लिफ्टन इथे ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या पोराने नाबाद ६२८ केल्या. तो विक्रम ११६ वर्षं टिकला, पण कॉलिन्स प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. शाळेच्या सामन्यात एका टोकाने बरा गोलंदाज असतो, दुसऱ्या टोकाने ज्याचा हात मोकळा तो टाकतो. दर षटकाला एक वाईट चेंडू मिळतो आणि चांगला फलंदाज त्याची वाट बघतो. वरच्या पातळीवर तो वाईट चेंडू येणं बंद होतं. मग कळतं, आपल्या खेळात त्याच्याशिवाय काय होतं.

त्या एकाच सामन्यातले चौघे घ्या. सचिन २०० कसोटी खेळला. कांबळी १७. समोरच्या झेवियर्सकडून ज्याच्या लेगस्पिनची धुलाई झाली तो साईराज बहुतुले पुढे भारतासाठी २ कसोटी खेळला. आणि शारदाश्रमचा पुढचा फलंदाज, तेरा वर्षांचा अमोल मुजुमदार, जो ६६४ धावा होईपर्यंत पॅड बांधून बसून राहिला, तो एकही खेळला नाही. मैदान एक, आचरेकर सरांचीच दोन नव्हे तर तीन पोरं, आणि मजकुरात मात्र दोघंच. तिसरा आला की मजकुराची गोष्ट मोडते. त्याच्याकडे येतोच.

म्हणे, कांबळीला बेशिस्तीने संपवलं

हा मुद्दा साफ खोटा नाही. कांबळीच्या वागण्याबद्दल तेव्हाही बोललं जायचं आणि नंतर त्याने स्वतःही काही कबूल केलंय. पण मजकुराला लागतं ते एकमेव कारण, आणि तिथे आकडे आडवे येतात.

१७ कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. फेब्रुवारी-मार्च १९९३मध्ये लागोपाठ दोन द्विशतकं: वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७. त्याच वर्षी कोलंबोत १२५ आणि १२०. हजार धावा १४ डावांत. १९९४मध्ये शारजात त्याने ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू शेन वॉर्नला एका षटकात २२ धावांना फोडलं. ज्या स्वभावाकडे बोट दाखवतात तो स्वभाव हे सगळं करताना कुठे गेला होता? माणूस १९९४च्या दिवाळीनंतर अचानक बेशिस्त झाला काय?

झालं असं की १९९४च्या अखेरीस वेस्ट इंडीजचा संघ आला, कर्णधार कोर्टनी वॉल्श. तोपर्यंत कांबळीने मोठ्या धावा केल्या त्या आशियातल्या खेळपट्ट्यांवर. चारही शतकं मुंबई, दिल्ली आणि कोलंबोतली. उंच बॅकलिफ्ट (फटक्याआधी बॅट मागे वर उचलणं), पुढे येऊन मारायची सवय, फिरकी दिसली की डोळे लकाकणार. वॉल्श आणि मंडळींनी त्याला अंगावर उसळते चेंडू टाकायला सुरुवात केली. तीन कसोट्यांत एक अर्धशतकही नाही. पुढच्या वर्षी न्यूझीलंडविरुद्ध तीन कसोट्या मिळाल्या, त्यातही सूर लागला नाही. नोव्हेंबर १९९५मध्ये कटकला शेवटची कसोटी. वय २३.

आता गंमत बघा. वनडेत तोच कांबळी १०४ सामने खेळला, शेवटचा २०००मध्ये. बेशिस्त हेच कारण असतं तर निवड समितीने त्याला वनडेत तरी पाच वर्षं का घेतलं असतं? तेव्हाच्या वनडेत खांद्यावरून जाणारा चेंडू नो-बॉल ठरायचा. कसोटीत त्याला जे हत्यार नडलं, ते वनडेत गोलंदाजाच्या हातातून काढून घेतलेलं होतं. माझ्या मते कांबळीच्या कसोटी कारकिर्दीचा उलगडा यात जितका होतो तितका रात्रीच्या पार्ट्यांत होत नाही.

बरं, ही त्याची कायमची मर्यादा होती की दुरुस्त होणारी खोट, तेही धडपणे तपासलं गेलं नाही. आशियाबाहेर तो जन्मात एकच कसोटी खेळला, न्यूझीलंडात हॅमिल्टनला. जून १९९६मध्ये लॉर्ड्सवर सौरव गांगुलीने पदार्पणात १३१ आणि राहुल द्रविडने ९५ केल्या, वर्षाअखेरीस लक्ष्मण आला, आणि दरवाजा बंद झाला.

पृथ्वी शॉच्या बाबतीत हेच चालू आहे. २०१३मध्ये हॅरिस शिल्डला ५४६, २०१८मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात १३४, आणि आता ‘दुसरा कांबळी’ म्हणून तोच मजकूर नाव बदलून येतो. त्याच्याही तंदुरुस्तीबद्दल आणि शिस्तीबद्दल मुंबईत जे बोललं गेलं ते सगळं खोटं असेल असं मी म्हणत नाही. पण डिसेंबर २०२०ची ॲडलेड कसोटी आठवा. पहिल्या डावात मिचेल स्टार्कचा दुसराच चेंडू: शॉची बॅट गलीच्या दिशेने वर गेली, खाली येताना शरीरापासून लांबून आली, पाय जागचा हलला नाही, आणि बॅट-पॅडमधल्या फटीतून चेंडू स्टंपवर. दुसऱ्या डावात पॅट कमिन्स, तीच फट, तोच शेवट. शून्य आणि चार. ताशी १४०च्या वर येणारा चेंडू हातातून सुटल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. त्यापेक्षा बऱ्याच हळू येणाऱ्या चेंडूला हीच बॅट वळसा घेऊन वेळेत पोचते आणि कव्हर ड्राइव्हला टाळ्या पडतात. पोरगा तोच, बॅटचा मार्ग तोच, सरावही केलेला. फक्त वळसा घ्यायला वेळ उरलेला नाही. त्यानंतर तो एकही कसोटी खेळलेला नाही.

असा क्षण व्यावसायिक खेळात जवळपास प्रत्येकाला गाठतो, शिस्तीच्या पोरांनाही. काहीजण तंत्र मोडून पुन्हा बांधतात आणि तरतात. बाकीच्यांचं तंत्र मोडतं आणि जुनं नवं दोन्ही हातातून जातं.

म्हणे, घाम गाळेल तो पोचेल

आता मुजुमदार. रणजी पदार्पणात हरयाणाविरुद्ध फरिदाबादला २६०, तेव्हाचा प्रथम श्रेणी पदार्पणातला विश्वविक्रम. पुढे १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं. त्याच्या कप्तानीखाली २००६-०७चा रणजी करंडक मुंबईने जिंकला. नंतर आसामकडून, आंध्रकडून खेळला, चाळिशी जवळ येईपर्यंत. शिस्तीबद्दल कुणी ब्र काढलेला नाही. सरांच्या हाताखालचा, मुंबईच्या ‘खडूस’ शाळेत मुरलेला. फॉरवर्डमधल्या सगळ्या अटी पूर्ण करणारा माणूस. भारताची टोपी, म्हणजे भारताकडून खेळायची संधी, मिळाली नाही.

कारण साधं बेरजेचं आहे. मधल्या फळीत जागा चार. त्या चार जागांवर द्रविड, तेंडुलकर, गांगुली, लक्ष्मण. चौघांच्या मिळून कसोट्या सहाशेच्या वर. मुजुमदारची गुणवत्ता त्यांच्यापेक्षा थोडी कमी होती की नशीब, यावर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दोन पिढ्या वाद घालतील. पण घाम कमी पडला असं तिथला कुणी म्हणणार नाही.

त्याच्याही आधी पॅडी शिवलकर होते. डावखुरी फिरकी, प्रथम श्रेणीत ५८९ बळी, विसाच्या आतल्या सरासरीने. १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तामिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. कसोटी शून्य, कारण बिशनसिंग बेदी त्याच काळात डाव्या हातानेच फिरकी टाकत होते. शिवलकरांनी आणखी दहा हजार चेंडू नेटमध्ये टाकले असते तर बेदी उजवे झाले असते का? हरयाणाच्या राजिंदर गोयल यांचंही तेच. २०१७मध्ये बोर्डाने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. मान मोठा, पण टोपी ती टोपी.

खेळाडूची मर्यादा अशी कधी त्याच्या बॅकलिफ्टमध्ये असते, कधी शेजारच्या माणसात, कधी जन्मसालात. ‘मनात’ असणारी त्यातली एक, तीही दर वेळी नाही.

म्हणे, मुजुमदारला शेवटी फळ मिळालंच

हा मुद्दा मजकुरात नवा जोडलाय. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, प्रशिक्षक अमोल मुजुमदार. लगेच: बघा, धीर धरला, देवाने दिलं. अहो, ते त्याने प्रशिक्षक म्हणून वेगळ्या कौशल्यावर मिळवलंय. ११,१६७ धावांचं उशिरा आलेलं बिल नव्हे ते. आणि विश्वचषक कर्णधार हरमनप्रीतच्या पोरींनी जिंकला. तो एका पुरुषाच्या राहिलेल्या स्वप्नाची भरपाई म्हणून सांगणं मला तरी फारसं बरं वाटत नाही.

म्हणे, थांबला तो हरला

जानेवारी २०१६मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ केल्या. कॉलिन्सचा विक्रम मोडणारा तोच. रिक्षाचालकाचा मुलगा, जगभर बातमी, मुंबई क्रिकेट असोसिएशनची महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती. वयोगटाच्या पुढच्या निवडींत धावा होईनात. २०१७मध्ये घरच्यांनी असोसिएशनला स्वतःहून कळवलं की कामगिरी सुधारेपर्यंत शिष्यवृत्ती थांबवा. पाच वर्षं निमूट घेत राहिले असते तर कुणी हरकत घेतली नसती.

डोंबिवली, कल्याण, विरारहून किटबॅग पाठीला लावून पहाटेची लोकल पकडणारी शेकडो पोरं आहेत. सतराव्या-अठराव्या वर्षी मुंबईच्या १९ वर्षांखालच्या संभाव्य यादीत नाव नाही, हे त्यातल्या बहुतेकांना कळतंच. तेव्हा अकाउंटन्सीचं पुस्तक उघडणारा मुलगा आळशी नसतो; यादी लावणाऱ्यांनी त्याला जे सांगितलं ते त्याने नीट वाचलेलं असतं. काहीजण कांगा लीग ही मुंबईतली पावसाळी स्पर्धा खेळत राहतात, ऑफिसच्या संघातून उतरतात, पावसाळ्यातल्या ओल्या विकेटवर पन्नास काढतात आणि सोमवारी कामावर जातात. त्यांना हरलेले म्हणणारा मजकूर ज्याने लिहिला, त्याने कांगा लीगचा सामना पाहिलेला नसावा.