चाक फिरतंय ना, मग झालं!

सर्वप्रथम सायकलचं एक चाक मिळवा. धाकट्याची सायकल घरात पडून असेल तर उत्तम. पडून नसेल तर तिचं पुढचं चाक काढा, म्हणजे पडून राहील.

मग चुंबक. पुण्यात असाल तर रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार गाठा, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड. दुकानदार "कशासाठी हवेत?" असं विचारतोच. मान जरा तिरपी करून "एक प्रयोग चाललाय" एवढंच म्हणायचं. त्याला सवय आहे. इनॅमलची तांब्याची तार मोटर वाइंडिंगवाल्याकडे किलोवर मिळते. तो दिवसभर जळालेले पाण्याचे पंप भरून देत असतो, तेव्हा त्याच्यासमोर फुकटात फिरणाऱ्या मोटरीचा विषय काढू नका. तो हसेल, आणि हसता हसता तार जास्त तोलेल.

तुम्ही बनवणार आहात ती बेदिनी मोटर, म्हणजे खाते त्यापेक्षा जास्त वीज परत देते असा जिचा बोलबाला आहे ती. जॉन बेदिनी हे अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातले गृहस्थ, मुळात ऑडिओ ॲम्प्लिफायर बनवणारे. २०१६ साली वारले. त्यांच्या मोटरीच्या सोप्या अवताराला 'स्कूल गर्ल' म्हणतात, कारण एका शाळकरी मुलीनं तो विज्ञान प्रदर्शनासाठी बनवला होता. ही हकिगत घरात सांगू नका. सहाव्या महिन्यात तुम्ही चौथा ट्रान्झिस्टर जाळाल तेव्हा ती तुम्हालाच परत ऐकवली जाईल.

चाकाच्या रिमवर चुंबक चिकटवायचे, सगळ्यांचा उत्तर ध्रुव बाहेर. चिकटवल्यावर वरून पट्टी गुंडाळा. मी गुंडाळली नव्हती. माझा एक चुंबक गॅलरीतून थेट शेजारच्या काकूंच्या तुळशीवृंदावनात गेला. पुढे महिनाभर त्या मला "काय, दिवाळीची तयारी का?" असं विचारत होत्या. चाकासमोर एक कॉइल उभी करायची. तिच्यात दोन तारा, एक पातळ आणि एक जाड, शेजारी शेजारी गुंडाळलेल्या, आणि मधल्या गाभ्यात वेल्डिंगच्या सळयांचे तुकडे. एक ट्रान्झिस्टर, दोन डायोड, एक-दोन रेझिस्टर, एक चिमुकला निऑनचा दिवा. आणि दोन बॅटऱ्या, एक चालवणारी आणि एक चार्ज होणारी. चाकाला हातानं एक टिचकी मारा. चुंबक कॉइलसमोरून गेला की पातळ तारेत किंचित वीज उमटते, ट्रान्झिस्टर उघडतो, पहिल्या बॅटरीतून जाड तारेत प्रवाह धावतो, गाभा चुंबक होतो आणि जाणाऱ्या चुंबकाला मागून ढकलतो. लगेच ट्रान्झिस्टर बंद. कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं, आणि कोसळताना व्होल्टेजची एक उंच सुई उसळते. ती डायोडमधून दुसऱ्या बॅटरीत शिरते.

इथपर्यंत सगळं खरं आहे, आणि या छंदातली खरी अडचण तीच. चाक खरोखर फिरतं. दुसऱ्या बॅटरीत खरोखर काहीतरी जातं. धडधडीत थाप असती तर आठवड्यात कंटाळा आला असता.

(निऑनबद्दल दोन शब्द. दुसरी बॅटरी चुकून सुटली तर ती उंच सुई ट्रान्झिस्टरच्या अंगावर येते, म्हणून संरक्षणासाठी हा दिवा. आता आपल्या परंपरेतला टू-एन-३०५५ हा ट्रान्झिस्टर ६० व्होल्टचा, आणि निऑन पेटतो साधारण ९० व्होल्टला. म्हणजे वाड्यात चोर शिरून, तिजोरी फोडून, जिना उतरेपर्यंत झोपलेला राखणदार. पण पेटतो तेव्हा नारिंगी इतका गोड दिसतो, की ट्रान्झिस्टर गेल्याचं दुःख होत नाही.)

आता मोजमाप. हा प्रकरणाचा गाभा आहे, इथे नीट लक्ष द्या. मल्टिमीटर घ्या आणि त्याचा खटका डीसी व्होल्टवर ठेवा. तिथेच ठेवा. अँपिअरकडे वळवायचा मोह होईल, वळवू नका. व्होल्ट हा सज्जन आकडा आहे, तो माणसाला निराश करत नाही. अँपिअर चौकस असतात. आणि व्होल्टला अँपिअरनं गुणून पुन्हा तासांनी गुणून खरी ऊर्जा काढण्याची जी वाईट खोड शाळेत लावतात, ती तर लागलेलीच नसावी.

बॅटरी निवडताना चांगली घेऊ नका. भंगारवाल्याकडची, तीन वर्षं कोपऱ्यात सुकलेली मोटारीची बॅटरी घ्या. तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरलेले असतात. अशा बॅटरीत काही मावत नाही, त्यामुळे ती भरतेही झटपट. लोट्यात दगड भरून ठेवले की चार थेंबांत पाणी काठाला लागतं, तसंच हे. चाक सुरू करा, दहा मिनिटांत मीटर ११ वरून १४ व्होल्टवर चढेल. लगेच फोटो काढा. फोटो महत्त्वाचा, कारण अर्ध्या तासानं तो आकडा तिथे नसतो.

निरोगी बॅटरीच हाताशी असेल तरी धीर सोडू नका. चार्ज होत असलेली किंवा नुकतीच चार्जिंगवरून काढलेली बॅटरी वरवरचा फुगीर आकडा दाखवते, त्या वेळी मोजावं. तासन्‌तास विसावल्यावर भरलेली बॅटरी १२.७ च्या आसपास आणि अर्धी भरलेली १२.२ च्या आसपास येते. एवढ्याशा अर्ध्या व्होल्टात अर्धी बॅटरी लपलेली असते. तेव्हा विसावा देऊच नये. उलट पहिली, म्हणजे चालवणारी बॅटरी मोजायची असेल तर तिला मात्र चांगला विसावा द्या. ओझं काढलं की दमलेल्या बॅटरीचं व्होल्टेज आपोआप थोडं वर येतं. ११.८ वर थांबवलेली बॅटरी चहा होईपर्यंत १२.१ दाखवू लागते. या आपोआप वर येण्याला 'रेडिएंट एनर्जी' म्हणायचं आणि आवाज थोडा खाली आणायचा. विजेचे जुने संशोधक निकोला टेस्ला यांचं नाव घ्यायला हीच योग्य वेळ.

मग बॅटऱ्यांची अदलाबदल. दुसरी भरली म्हणून तिला पहिलीच्या जागी आणा आणि पहिलीला दुसरीच्या. मग पुन्हा उलट. एका खिशातली दहाची नोट दुसऱ्या खिशात, दुसऱ्यातली पहिल्यात, आणि दर खेपेला रुपया-दोन रुपये रस्त्यावर पडताहेत. पण तुमचं लक्ष खिशांवर आहे, रस्त्यावर नाही. पडलेला पैसा कुठे गेला हे शोधायचंच असेल तर कॉइलला हात लावून बघा. कोमट लागेल. चाकाच्या बेअरिंगचा आवाज ऐका. चाकासमोर गाल न्या, वारा लागेल. पण हे कुणी सांगितल्याशिवाय करू नका.

तीनचार आठवड्यांनी दोन्ही बॅटऱ्या मरगळतात. मग रविवारी रात्री निजानीज झाल्यावर दोघींना भिंतीवरच्या साध्या चार्जरला लावा. याला 'कंडिशनिंग' म्हणतात. ते वहीत लिहीत नाहीत.

वही मात्र हवी. तिच्यात 'सीओपी' नावाचा एक रकाना आखा, म्हणजे घातलेल्या विजेच्या किती पट पदरात पडलं तो आकडा. हा शब्द आपण फ्रीज-एसीवाल्यांकडून उसना आणलाय. एसीचा सीओपी तीन असतो, कारण एक युनिट वीज खाऊन तो तीन युनिट उष्णता घराबाहेर ढकलतो. उष्णता आधीपासून होतीच, त्यानं फक्त तिची हमाली केली. तुमच्या मोटरीत हमाली करायला काही नाही, पण शब्दाला कुठे पावती लागते? रकान्यात १.४ लिहा. गोल आकडा लिहिला तर लोकांना संशय येतो.

पूर्वज लागतीलच, त्यांचीही सोय आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी'त आपोआप फिरणारं चाक वर्णिलंय: हलक्या लाकडाचं, पोकळ आरे, आऱ्यांत अर्धा पारा. त्यांच्या नातवानं उभारलेला शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, म्हणजे वंशावळ थेट खानदेशात पोचते. पारा खाली धावतो तितकाच वरही चढवावा लागतो आणि चाक मुकाट उभं राहतं, हा तपशील भाषणात घेऊ नये. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं १७७५ सालीच 'असली यंत्रं यापुढे तपासणार नाही' असं ठरवून टाकलं. हे आपल्या फायद्याचं आहे. तपासायलाच तयार नाहीत म्हटल्यावर ते घाबरलेत हे उघड आहे.

तपासायला तयार होणारे मात्र टाळावेत. मिसिसिपीच्या जोसेफ न्यूमन यांनी असल्याच यंत्राच्या पेटंटसाठी सरकारशी कोर्टात भांडण काढलं, तेव्हा १९८६ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या मोजमापाच्या सरकारी संस्थेनं त्यांचं यंत्र तपासलं. प्रत्येक चाचणीत आत घातलेली वीज बाहेर आलेल्यापेक्षा जास्त भरली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! असाच दावा करणाऱ्या डब्लिनच्या स्टिऑर्न कंपनीनं तर २००६ साली 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात जाहिरात देऊन शास्त्रज्ञांना पंच म्हणून स्वतःच घरी बोलावलं. २००७ च्या जुलैत लंडनमध्ये जाहीर प्रात्यक्षिक ठरलं होतं, ते झालं नाही. कॅमेऱ्याच्या दिव्यांच्या उष्णतेनं घोटाळा केला, असं कारण आलं. विश्वाचे नियम मोडू शकणाऱ्या यंत्राला दिव्याची झळ सोसवत नाही, यातला नाजूकपणा मला फार आवडतो. शेवटी २००९ साली त्या पंचांनी एकमुखानं सांगितलं की ऊर्जा निर्माण होताना काही दिसली नाही.

कुणी विचारेल, एवढं चांगलं आहे तर बाजारात का नाही? तेल कंपन्यांनी दडपलं, असं ठणकावून सांगा. बेदिनींना याच घराण्यातल्या मोटरीचं पेटंट २००२ साली अमेरिकन सरकारनंच दिलंय, आकृत्यांसकट, कुणालाही वाचता येईल असं, हे त्यापुढे जोडू नका. दडपलेली गोष्ट छापून वाटलेली असली की ऐकणारा गोंधळतो.

एकच हिशेब मी तुम्हाला गुपचूप करून देतो, वाचा आणि कागद चावून गिळा. चाक चालू असताना पहिल्या बॅटरीतून समजा पाव अँपिअर जातोय. १२ व्होल्ट गुणिले पाव, म्हणजे ३ वॉट. दहा तास फिरवलं तर ३० वॉट-तास. युनिटला दहा रुपये धरले तरी ही झाली ३० पैशांची वीज. म्हणजे निसर्गानं सगळे नियम बाजूला ठेवून तुम्हाला दामदुप्पट जरी दिलं, तरी रात्रभराची कमाई ३० पैसे. तारेचे, ट्रान्झिस्टरचे, दोन बॅटऱ्यांचे आणि धाकट्याला घेऊन दिलेल्या नव्या सायकलचे पैसे या दरानं कधी फिटतील, ते विचारू नका. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपल्यासाठी नाही, कारण इथे कोंबडीही नाही.

आणि तरी, खरं सांगतो, रात्री अकरा वाजता दिवे मालवून ते चाक सूं करत फिरताना बघत बसण्यात जे सुख आहे त्याला ३० पैसे काही जास्त नाहीत. पण हे बायकोला पटवायचं असेल तर 'सुख' हा शब्द चालत नाही, 'वीजबिल' लागतं.

खरा धोका पुढेच आहे. सुट्टीत भाचा येतो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असतो, पोरगा नम्र असतो, आणि तेच वाईट. चाक बघून म्हणतो, "भारी आहे हो मामा!" तुम्ही खुलता, वही दाखवता. तो पानं उलटतो, १.४ वर थांबतो, आणि विचारतो, "मामा, दोन्ही बॅटऱ्यांवर एकदा इंडिकेटरचा बल्ब लावून बघूया का? किती वेळ जळतोय ते घड्याळ लावून?" २१ वॉटचा बल्ब. तुमची १४ व्होल्टची बॅटरी त्याला चार मिनिटं पिवळा ठेवेल आणि मग लाल करेल. तेव्हा बल्ब सापडत नाही असं सांगा. स्कूटरचा काढून आणतो म्हणाला तर स्कूटरची किल्ली सापडत नाही असं सांगा.

तरीही दुसऱ्या दिवशी तो बॅटरीवाल्याकडून हायड्रोमीटर मागून आणेलच. हे हत्यार व्होल्टच्या बोलण्यावर जात नाही. बॅटरीचं झाकण उघडून सरळ ॲसिड ओढतं आणि त्याची घनता सांगतं: भरलेली असेल तर १.२६५, रिकामी असेल तर १.१२ च्या आसपास. तिथे वरवरचा फुगा चालत नाही, टेस्ला चालत नाहीत, भास्कराचार्यही चालत नाहीत.

पण तो काचेचा असतो. भाच्याला म्हणावं, "आण रे इकडे, मी धरतो."